प्रेमकथा नक्की कोणासाठी?

गेल्या शनिवारी भाची ठाण्याहून आमच्याकडे मीरा रोडला राहायला आली. सॅकमधून कपड्यांच्या आधी निघाली ती मांगाची पुस्तकं. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, एवढं एव्हाना मलाही कळलंय. मी एक उचललं तर म्हणाली, "मामा, ते तुझ्यासाठी नाहीये. शोजो आहे ते." शोजो म्हणजे मुलींसाठी. मुलग्यांचं ते शोनेन, मोठ्या पुरुषांचं सेनेन. च्यायला, आमच्या ऑफिसात 'टार्गेट युजर'चे खोके पाडतात तसंच की हे!

मग रात्री जरा वाचत बसलो. रुमिको ताकाहाशी या लेखिकेचं उदाहरण मस्त आहे. 'उरुसेई यात्सुरा' ती १९७८ पासून 'शोनेन संडे' या मुलांच्या साप्ताहिकात काढत होती आणि 'मेझॉन इक्कोकू' १९८० पासून मोठ्यांच्या 'बिग कॉमिक स्पिरिट्स'मध्ये. दोन्ही १९८७ ला संपल्या. पहिलीतला शाळकरी हीरो शेवटपर्यंत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणत नाही तो नाहीच. दुसरीत एक कडका विद्यार्थी आणि लॉज सांभाळणारी तरुण विधवा. परीक्षा, नोकरीची वणवण, तिच्या गेलेल्या नवऱ्याची आठवण, आणि शेवटी लग्न, मूल. लेखिका एक, वर्षं तीच. पण शाळकरी पोराला गंमत संपायला नको असते आणि कमावत्या माणसाला "पुढे काय?" हे हवं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे जपानी खूळ. अजिबात नाही मंडळी! आपल्याकडे शंकरराव किर्लोस्करांनी हे कधीच केलं होतं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. मग १९३० ला बायकांसाठी 'स्त्री' आणि १९३४ ला तरुणांसाठी 'मनोहर'. एका घरातल्या तीन माणसांना तीन मासिकं!

त्याच काळात ना. सी. फडके जोरात होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्रोफेसर. 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) वगैरे कादंबऱ्यांमधलं प्रेम कसं? शिकलेलं, देखणं, खाऊनपिऊन सुखी. थोडे गैरसमज, थोडी हुरहुर. वाचणारी कॉलेजची मुलंमुली, आणि त्यांची लग्नं ठरवणार घरातली वडीलधारी मंडळी. घरात जे मिळायचं नाही ते फडके पुस्तकात देत होते. खपणारच ना!

पण या सगळ्यात एक वाचक कुठल्याच खोक्यात बसत नव्हती. शिकली, मास्तरीण झाली, पगार घरात देऊ लागली, आणि तो पगार जाईल म्हणून तिच्या लग्नाचं कोणी नावच काढेना. तिची प्रेमकथा कोण लिहिणार? १९३३ साली ह. वि. मोट्यांनी 'कळ्यांचे निःश्वास' छापलं आणि एकच खळबळ उडाली. त्यातल्या एका कथेचं नावच आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' लेखिका 'विभावरी शिरूरकर'. ही बाई कोण, हेच लोकांना कळेना. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. प्रेम हवंसं वाटतं एवढं सांगायला शिकल्यासवरल्या बाईला टोपणनाव घ्यावं लागलं!

मला यातली गोम अशी वाटते, की 'टार्गेट ऑडियन्स' म्हणजे वाचक नव्हेच. तो वाचकाबद्दल दुसऱ्या कोणीतरी केलेला अंदाज. वाचकाने स्वतः पेन हातात घेतलं की तो अंदाज ढासळतो. जपानातही तेच झालं. तिथे मुलींच्या मासिकांत सुरुवातीला बरेचसे पुरुषच लिहायचे. ओसामू तेझुकाची तलवार चालवणारी राजकन्या १९५३ ची. पुढे लेखिकांची नवी पिढी आली. रियोको इकेदाने १९७२ मध्ये 'मार्गारेट' या मुलींच्या साप्ताहिकात राणीच्या रक्षकदलाची प्रमुख असलेली नायिका आणली, आणि प्रेमाबरोबर अख्खी फ्रेंच राज्यक्रांतीच पानांवर उतरवली.

आमच्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे जुने अंक होते. आजोबांचं 'किर्लोस्कर' बाहेर टेबलावर असायचं. आणि ट्रंकेत अगदी तळाला, साडीच्या घडीत, काकाचे दोन-तीन 'मनोहर'! ती ते कधी वाचायची, कोणाला ठाऊक. आम्ही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

असो. रविवारी दुपारी भाची झोपली तेव्हा मी ते शोजो गुपचूप वाचून काढलं. संध्याकाळी तिला सोडायला निघालो आणि न राहवून विचारलंच, "अगं, दुसरा भाग आणलायस का?"