कलकत्त्याचा एक डाव, मे १८५५

मंडळी, मागच्या वेळी आपण लंडनच्या बुद्धिबळ क्लबांपाशी थांबलो होतो. आज कलकत्त्याला जाऊ. पटाच्या एका बाजूला जॉन कॉक्रन, तिथल्या कोर्टातले स्कॉटिश बॅरिस्टर. समोर महेशचंद्र बंदोपाध्याय, मुफस्सलातून आलेले ब्राह्मण. इंग्रजी मासिकांत त्यांचं नाव ‘मोहेशुंदर’ असं काहीबाही छापलेलं सापडतं. कॉक्रनचं पोट बुद्धिबळावर नव्हतं. तरी दोघांचे शेकडो डाव टिकले, कारण कॉक्रन ते लिहून ठेवत. ही सवय नसती तर आज महेशचंद्रांबद्दल बोलायला आपल्याकडे फारसं काही उरलं नसतं.

मे १८५५च्या डावात कॉक्रननी वजिराचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. महेशचंद्रांनी राजाकडचा घोडा काढला, त्याच बाजूचं घोड्यापुढचं प्यादं फक्त एक घर सरकवलं, आणि त्या जागी उंट आणून तिरप्या रेषेवर बसवला. युरोपात तेव्हा प्याद्यांनी मध्य व्यापणं हाच शहाणपणा समजला जाई. त्यांना हे विचित्रच वाटलं असणार.

साधारण खुलासा असा करतात, की देशी खेळात प्यादं बहुधा एकेक घरच चालतं, त्यामुळे ही संथ मांडणी अंगवळणी पडलेली. आम्हाला हे अर्धंच पटतं. कारण तिसऱ्याच चालीला महेशचंद्रांनी वजिराचं प्यादं सरळ दोन घरं पुढे नेऊन मध्यावर टक्कर दिली! नुसती सवय असती तर हे झालं नसतं. विलायती नियम घेऊन त्यांनी स्वतःची मांडणी बसवली होती, असं आम्ही म्हणू.

डाव मात्र ते हरले. कॉक्रननी घोड्यानं राजाजवळचं प्यादं मारलं, आणि मग तीन चालींत मात होती: दुहेरी शह, वजिराचा बळी, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. सुरुवातीत दोष नव्हता, पुढे राजाकडे दुर्लक्ष झालं.

१९२२ साली व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्डनी हीच मांडणी अलेखिनविरुद्ध वापरून डाव जिंकला. आज तिला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात. त्या कुळाला ‘इंडियन’ हे नाव मिळालं, पण महेशचंद्रांचं नाव कुठल्याच चालीला चिकटलं नाही. कॉक्रनचं चिकटलं. १८४८ साली याच महेशचंद्रांविरुद्ध त्यांनी दोन प्याद्यांसाठी घोडा दिला होता, तो आजही कॉक्रन गॅम्बिट म्हणूनच ओळखला जातो.