इटलीचे रक्ताचे नागरिकत्व : पणजोबा चालला, पणजी अडली

२०२५ च्या मार्चपर्यंत ब्राझीलमधला एखादा तरुण पणजोबाचा जन्मदाखला मागण्यासाठी इटलीतल्या खेड्याच्या नगरपालिकेला पत्र लिहीत असे. गाव पाहिलेले नाही, भाषा येत नाही. आजीच्या तोंडून ऐकलेले चार शब्द आणि एक आडनाव एवढीच शिदोरी. ते आडनावही कारकुनाने ऐकू आले तसे लिहिलेले. जुसेप्पेचा जोझे झालेला. हा शोध आम्हाला खोटा वाटत नाही. जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीची नोंद शोधत ज्यांनी तहसील कचेरीत आणि जुन्या शाळेत खेटे घातले, त्यांना तर तो लगेच कळेल. पण पणजोबाने गाव का सोडले आणि ब्राझीलला तो का हवा होता, हेही विचारले पाहिजे.

इटलीचे राज्य १८६१ मध्ये एक झाले. शेतमजुराच्या हाती मात्र जमीन आली नाही. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोक बाहेर पडले. व्हेनेतोचे, कालाब्रियाचे, सिसिलीचे. पोटासाठी.

इकडे ब्राझीलमध्ये १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. कॉफीच्या मळ्यांत पिढ्यानपिढ्या राबलेल्या काळ्या माणसांना ना जमीन मिळाली, ना भरपाई. साओ पावलोच्या मळेवाल्यांनी त्यांना रास्त मजुरी देण्याऐवजी सरकारी खर्चाने युरोपातून कुटुंबेच्या कुटुंबे आणली. त्यांत सर्वाधिक इटालियन. राज्यकर्त्यांना देश ‘गोरा’ही करायचा होता. आलेल्यांचेही हाल झाले, इतके की १९०२ मध्ये इटलीने फुकट तिकिटाचे हे स्थलांतर बंद केले. एका शोषिताच्या जागी दुसरा शोषित उभा केला गेला. त्यातल्या इटालियनाच्या पणतूला गावच्या दप्तरात नाव सापडते. गुलामाच्या पणतूचे काय? १८९० मध्ये मंत्री रुई बार्बोसा यांनी गुलामगिरीची सरकारी कागदपत्रे जाळण्याचा हुकूम काढला. मळेवाल्यांना भरपाई मागता येऊ नये म्हणून, असे त्याचे समर्थन केले जाते. असेलही. पण जळाले ते कोणाच्या पूर्वजांचे नाव?

आता रक्ताचा हिशेब पाहू. १९१२ च्या कायद्यानुसार नागरिकत्व यायचे ते बापाकडून. बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केले आणि नवऱ्याचे नागरिकत्व तिला मिळाले, की तिचे स्वतःचे जायचे. आईलाही मुलाला नागरिकत्व देता येते, हे घटना न्यायालयाने १९८३ मध्ये मान्य केले. तरी कचेऱ्यांनी रेघ ओढली ती १ जानेवारी १९४८ ला, इटलीची घटना लागू झाली त्या दिवशी. त्याआधी जन्मलेल्या मुलाला आईकडून काही मिळत नाही! सख्ख्या भावाबहिणीची नातवंडे. भावाची वकिलातीच्या रांगेत, बहिणीची थेट बाहेर. रक्ताचाच कायदा असेल तर बाईचे रक्त काय पाणी होते? हे तर्कशास्त्र कुठल्या ग्रंथातले वाटते, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ नाकारली, तरी कचेऱ्या हलल्या नाहीत. पणजीच्या वंशजांनी वकील लावायचा, कोर्टात जायचे.

२८ मार्च २०२५ च्या वटहुकूमाने आणि मे महिन्यात झालेल्या कायद्याने आता सगळ्यांनाच आईबाप आणि आजी-आजोबांपाशी थांबवले आहे. ज्यांच्या घामाच्या पैशावर इटलीतली गावे जगली, त्यांच्या पणतवंडांना वाईट वाटणे साहजिक आहे. त्यांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत.

ज्यांच्या बाजूने फारसे कोणी बोलत नाही, ते इटलीतच आहेत. परदेशी आईबापांचे मूल इटलीत जन्मले तरी नागरिक होत नाही. अठरा वर्षे सलग तिथे राहायचे आणि पुढच्या एका वर्षात अर्ज करायचा. युरोपीय संघाबाहेरच्या प्रौढाला दहा वर्षांचा कायदेशीर रहिवास लागतो. तो पाच वर्षांवर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये सार्वमत झाले. निम्म्या मतदारांनी यायला हवे होते, आले सुमारे ३० टक्के. सार्वमत बाद.

पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत आणि लातिनाच्या शेतांत पंजाबी मजूर राबतात. इटलीतल्या पंजाब्यांत रविदासिया समाजाचे आपले लोकही आहेत. जून २०२४ मध्ये लातिनाजवळ एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला. दवाखान्यात नेण्याऐवजी त्याला घराच्या दाराशी टाकून देण्यात आले, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये. दोन दिवसांनी रोमच्या रुग्णालयात तो गेला. त्याच्याकडे कामाचा कुठलाही कागद नव्हता.