कुंचल्याच्या नावाचा ठसा

फोटोशॉपमध्ये फराटा मारला की पडद्यावर सलग रेघ उमटल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिथे करड्या छटांची एक लहानशी प्रतिमा पुन्हा पुन्हा उमटवली जात असते. नेहमीच्या गोल ब्रशात दोन उमटींमधले अंतर ब्रशाच्या व्यासाच्या 25 टक्के असते, म्हणून त्या एकमेकींवर चढतात आणि डोळ्याला सांधा दिसत नाही. हेच अंतर 100 टक्क्यांपुढे नेले की रेघ तुटते आणि सुट्या ठिपक्यांची माळ समोर येते. माझ्या मते या साधनाचे खरे कूळ या एवढ्या प्रयोगात उघड होते. त्याला नाव कुंचल्याचे मिळाले, चिन्हही कुंचल्याचेच मिळाले. पण काम त्याने पहिल्यापासून ठशाचे केले. स्वतःचा ब्रश किंवा पॅटर्न घडवणारा माणूस चित्रकारापेक्षा कापडावर छपाई करणाऱ्या छिप्याच्या आणि त्याला ठसे कोरून देणाऱ्या सुताराच्या जास्त जवळचा आहे. हे नाते ओळखले की संगणकीय चित्रकलेच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींचा नीट उलगडा होतो.

ठशाची विद्या आपल्याकडे फार जुनी. कैरोजवळच्या फुस्तात येथे भारतीय छापील सुती कापडाचे शेकडो तुकडे मिळाले आहेत, आणि त्यांतले बरेचसे मध्ययुगात गुजरातेतून गेलेले आहेत. गांधीनगरजवळचे पेथापूर लाकडी ठसे कोरणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रात भावसार समाजाचा परंपरागत धंदा कापड रंगवण्याचा आणि छापण्याचा. या धंद्यात एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. राजस्थानातल्या बगरू-सांगानेरकडे बाह्यरेषेचा ठसा 'रेख', जमिनीचा 'गद' आणि आतला रंग भरणारा 'दत्ता' असे वेगवेगळे ठसे लागतात. शिवाय ठशाच्या कडेला खुणेचे बारीक टोक ठेवावे लागते. पुढचा ठसा त्या खुणेवर बसला तरच वेल अखंड चालते, नाहीतर हातभर कापडावर दहा ठिकाणी सांधे दिसतात. संगणकावरच्या पॅटर्नची अडचण नेमकी हीच आहे. चौकोनी तुकडा शेजारी शेजारी लावत गेले की उजवी कड डाव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला जुळली पाहिजे. फोटोशॉप आणि गिम्प या दोन्ही चित्र-आज्ञावलींत त्यासाठी 'ऑफसेट' आहे. त्याने चित्र निम्म्याने सरकवता येते, त्यामुळे कडांचे सांधे मधोमध येतात आणि तिथे दुरुस्ती करता येते. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसने 1883 साली 'स्ट्रॉबेरी थीफ' हे छापील कापड आखले तेव्हा त्यालाही हाच सांधा चुकवायचा होता.

आता संगणकाकडे. रिचर्ड शूप यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 1973 साली 'सुपरपेंट' चालवून दाखवले. रंगीत पडद्यावर चित्र काढण्याच्या सुरुवातीच्या आज्ञावलींपैकी ही एक. पण सामान्य माणसाच्या हाती ठसा आला तो 1984 साली, मॅकिंटॉशबरोबर आलेल्या बिल ॲटकिन्सन यांच्या 'मॅकपेंट'मुळे. त्या पडद्याला काळा आणि पांढरा एवढेच माहीत होते, करडा रंग नव्हताच. मग सावली दाखवायची कशी? बेंजामिन डे यांनी छपाईसाठी 1879 साली काढलेला तोडगाच इथे पुन्हा कामी आला: ठिपके दाट-विरळ ठेवायचे आणि करड्याचा भास निर्माण करायचा. मॅकपेंटच्या खालच्या पट्टीवर असे 38 नमुने होते. प्रत्येक नमुना आठ गुणिले आठ, म्हणजे 64 घरांचा. संगणकाच्या हिशेबात अवघे आठ बाइट. आणि महत्त्वाची गोष्ट ही, की नमुन्यावर दोनदा टिचकी मारली की तो मोठा होऊन समोर येई. मग एकेक घर काळे-पांढरे करून विटांची भिंत, कौले, विणकाम असे आपल्याला हवे ते कोरता येई. कोरणारा आणि छापणारा हे दोन धंदे शतकानुशतके वेगळे राहिले होते, ते इथे एका माणसात एकत्र आले. मॅकपेंटच्या कौतुकात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. मला ती त्या आज्ञावलीची सर्वांत मोठी देणगी वाटते.

पुढच्याच वर्षी, 1985 साली, अमिगा संगणकासाठी डॅन सिल्व्हा यांचे 'डिलक्स पेंट' आले. त्यात चित्राचा कोणताही भाग चौकटीत पकडला की तोच ब्रश होई. झाडाचे एक पान काढा, उचला आणि त्याच पानाने अख्खे झाड भरा. चित्र आणि साधन यांतली भिंतच त्याने पाडली. संगणकीय खेळ बनवणारे चित्रकार या सोयीवर विसंबून काम करत आणि उचललेले तुकडे ब्रश म्हणूनच साठवत. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या 1990 सालच्या खेळाच्या नायकाचे नाव गायब्रश आहे. चित्रकाराने त्या पात्राचे चित्र ब्रशाच्या फाइलीत साठवले होते, तिच्या नावावरून ते पडले.

त्याच 1990 साली थॉमस आणि जॉन नोल या भावांचे फोटोशॉप बाजारात आले, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यावर बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी गिम्प उभे केले. तोपर्यंत यंत्राच्या ठशाची उणीव उघड झाली होती: तो अजिबात चुकत नाही. लाकडी ठसा दर वेळी रंग कमीजास्त घेतो, हाताचा दाब बदलतो, केसभर तिरपेपणा येतो, ठसा झिजतो. त्यातूनच छापील कापडाला जिवंतपणा येतो. संगणकाचा ठसा हजाराव्या वेळीही पहिल्यासारखाच, आणि म्हणून त्याची गवताची पाती किंवा ढग पाहताक्षणी खोटे वाटत. यावर उपाय म्हणून चूक मुद्दाम आत घालावी लागली. 2002 सालच्या फोटोशॉप 7 मध्ये ब्रशाचे यंत्र नव्याने बांधले गेले. प्रत्येक उमटीचा आकार, कोन, विखुरणे आणि रंग ठरावीक मर्यादेत आपोआप बदलण्याची सोय त्यात आली. गिम्पमध्ये एकाच ब्रशात अनेक प्रतिमा ठेवता येतात आणि त्या आळीपाळीने किंवा स्वैरपणे उमटतात. छिप्याच्या हातून जे नकळत घडते, ते इथे आकडे भरून घडवले गेले.

ब्रश म्हणजे ठसाच, या म्हणण्यावर पहिला आक्षेप जाणकार चित्रकार घेतील आणि तो वजनदार आहे. मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांचे 1991 सालचे 'पेंटर' तेलरंग, कोळसा, खडू यांचीच नक्कल करत होते. दाब ओळखणारी लेखणी आल्यावर रेघ हाताबरोबर जाड-बारीक होऊ लागली. फोटोशॉपमध्ये 2010 साली केसांचे वाकणे आणि रंगांचे मिसळणेही आले. मग हा कुंचला नव्हे काय? या खास यंत्रणांपुरते मी ते मान्य करतो. ओला रंग ओढून मिसळण्याला ठसा म्हणता येणार नाही. पण दाबाने बदलतो तो मुख्यतः ठशाचा आकार आणि दाटपणा, उमटवण्याची रीत तीच राहते. शिवाय केसांची ती यंत्रणा अभियंत्यांनी लिहिलेली आहे. वापरणाऱ्याला तिच्या कळा फिरवता येतात, ती घडवता येत नाही. माणूस स्वतः घडवतो, साठवतो आणि दुसऱ्याला देतो तो ब्रश आजही बहुतांशी एक करडी प्रतिमा आणि सोबतचे आकडे असाच असतो.

दुसरा आक्षेप असा, की तयार ठशांनी चित्रे एकसारखी झाली. धुराचे तेच लोट, शिंतोड्यांचे तेच डाग चौकाचौकातल्या फ्लेक्सवर दिसतात, हे खरेच आहे. मात्र दोष ठशाचा नाही. ठसा परंपरेनेच पुन्हा पुन्हा वापरण्याची वस्तू आहे, आणि बगरूचे कापड सांगानेरहून वेगळे ओळखू येते ते ठसे आपापल्या गावच्या नजरेने निवडले आणि कोरले गेले म्हणून. मॅकपेंटने एकत्र आणलेले दोन धंदे मधल्या काळात पुन्हा वेगळे झाले. काइल वेब्स्टर या अमेरिकी चित्रकाराने घडवलेला ब्रशांचा मोठा संच फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने 2017 साली विकत घेऊन आपल्या ग्राहकांना खुला केला. तो संच उत्तम आहे, पण त्याने कोरायची गरजच उरली नाही असे अनेकांना वाटू लागले. अशा प्रसिद्ध संचांमध्ये कोळसा आहे, गुआश आहे, पाश्चात्त्य शाईचे टाक आहेत. तिरप्या कापलेल्या बोरूचा फराटा, शेणाने सारवलेल्या भिंतीवरची हाताची वळणे, गोधडीचा धावदोरा, चुन्याचे पोपडे हे मराठी चित्रकाराला तिथे शोधून मिळणे कठीण.

ते त्याने स्वतः कोरावे, आणि त्याला फारसे काही लागतही नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने बोरूची एक उमट घ्यावी, ती स्कॅन करावी, रंग काढून करडी करावी, आणि कागदाचा मळकटपणा शुभ्र होईपर्यंत उजळावी, कारण साध्या ब्रशात काळे तेवढे उमटते आणि पांढरे गळून जाते. प्रतिमा मोठी ठेवावी. लहान ठसा ताणला की फाटतो. गिम्प विनामूल्य आहे आणि त्यात हे सारे करता येते. आपल्या अक्षरकारांनी आणि चित्रकारांनी असे संच करून एकमेकांना मोकळेपणाने द्यावेत.