काट्याखालची गावे

जुन्या रेडिओची काच ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे तिच्यावर छापलेली गावे अजून उभी राहत असतील. दिल्लीच्या शेजारी कोलंबो, कोलंबोच्या पलीकडे लंडन, अशी भूगोलाला न जुमानणारी ती वस्ती! बटण फिरवले की काटा सरके आणि एकेका गावाचा आवाज घरात येई. पण ती गावे काचेवर मांडली कुणी? ऐकणाऱ्याने खचितच नाही. काय ऐकावे हे आपण ठरवतो, अशी आपली समजूत असते; परंतु जे गाव यादीतच नाही, तिकडे काटा नेण्याचे आपल्याला सुचत नाही. म्हणूनच नभोवाणीच्या इतिहासात यंत्राइतकीच या यादीलाही किंमत आहे.

या इतिहासाला भांडुपपासून आरंभ केला तर वावगे होणार नाही. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. वरळीचे प्रक्षेपणयंत्र अवघे १.५ किलोवॉटचे, त्याचा आवाज सुमारे ३० मैलांपर्यंत पोचे. भांडुप तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होते. महापालिकेची हद्द तिथवर गेली ती १९५० साली. त्या ३० मैलांच्या वर्तुळात मात्र ते पहिल्या दिवसापासून होते. पालिकेच्या आधी २३ वर्षे नभोवाणीने भांडुपला मुंबईत घेतले, असे म्हणायला हरकत नाही! पुढे १९३० साली त्या कंपनीचे दिवाळे वाजले, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले.

१९४२ च्या चळवळीत याच मुंबईत एक असे स्थानक निघाले, की ते कोणत्याही यादीत छापले जाणे शक्यच नव्हते. उषा मेहता आणि त्यांचे साथीदार यांचा काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोले आणि आपला ठावठिकाणा ‘हिंदुस्थानात कुठेतरी’ एवढाच सांगे. पोलिसांना चुकवीत, जागा बदलीत ऑगस्टपासून चाललेला तो आवाज नोव्हेंबरात पकडला गेला. ज्याला तो आकडा ठाऊक, त्यालाच ते स्थानक सापडे. यादी पोलिसांच्या हाती नव्हती, हेच त्याचे बळ.

स्वराज्य आल्यावर निराळीच गंमत झाली. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी कुणाशी भांडण केले नाही. काटा तेवढा कोलंबोवर नेला. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी रेडिओ सिलोनवरून सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या नावे लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ जन्माला आली. काचेवर दुसरे गाव होते म्हणून श्रोत्याला कुठेतरी जाता आले, आणि तो गेला म्हणून घरचा कारभार सुधारला.

१५ ऑगस्ट १९९५ पासून आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुले झाले आणि मैलांचा हिशेब कायमचा मिटला. आता स्थानकाला लहर लागत नाही, पत्ता लागतो. पण हे पत्ते लांबलचक आणि अवघड. ते पाठ कोण करणार? तेव्हा पुन्हा यादी आली. १९९८–९९ च्या सुमारास ‘शाउटकास्ट’ आणि ‘आइसकास्ट’ ही घरबसल्या स्थानक चालवण्याची साधने निघाली आणि दोघांच्याही स्थानकांच्या याद्या तयार झाल्या. एक कंपनीच्या मालकीची, दुसरी खुली.

‘खुली’ म्हणजे काय, ते सुगरणींना सांगायला नको. कुणी नुसती चकली देते, कुणी भाजणीचे प्रमाणही सांगते आणि ‘तुझ्या चवीप्रमाणे बदल’ म्हणते. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभलेला ‘व्हीएलसी’ हा वादक या दुसऱ्या जातीचा. २००१ साली त्याची सारी आज्ञावली सर्वांना खुली झाली. गाणी वाजवता वाजवता त्यातच रेडिओची स्थानके चाळण्याची सोयही आली. परंतु २०१० साली शाउटकास्टची मालकीण असलेल्या एओएल कंपनीने आपली यादी त्यातून काढायला लावली. तिच्या परवान्याच्या अटी खुल्या आज्ञावलीच्या रीतीत बसणाऱ्या नव्हत्या. वादक तोच, स्थानकेही तीच, आणि तरी काचेवरची गावे एका पत्राने पुसली गेली! आइसकास्टची खुली यादी तेवढी राहिली.

या अनुभवाचे उत्तर म्हणजे ‘रेडिओ-ब्राउझर’सारख्या लोकांनीच चालवलेल्या याद्या. त्यात कुणीही स्थानक नोंदवावे, कोणत्याही वादकाने ती यादी फुकट घ्यावी, देश वा भाषा सांगून चाळावी. पत्ता अजून जिवंत आहे की नाही, याची तपासणीही होत राहते. कारण बंद पडलेल्या स्थानकांची यादी म्हणजे जुने पंचांगच.

भांडुपच्या टेकडीवरल्या चाळींत कोकणातून आलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांच्यातल्या एखाद्या घरची मुलगी आज सातासमुद्रांपलीकडे असेल. कंदील लावल्यावर तिला मराठी आवाज हवासा वाटला, तर यंत्र तिच्या खिशात आहेच. परंतु भाषांच्या यादीत ‘मराठी’ या शब्दाखाली तिला किती गावे दिसतील, हे पूर्वी कारखानदार ठरवी, मग सरकार, मग कंपनी. आता ते पुष्कळसे आपल्यावर आहे. आपल्या गावाचे नाव काचेवर दुसऱ्या कुणी छापावे, याची वाट पाहण्याचे दिवस गेले. ते लिहिण्याची लेखणी आपल्याच हातात आली आहे.