कोड जुना, रॉकेट नवं : अंतराळ सॉफ्टवेअरची ‘प्रक्रिया’ का तपासतात?

४ जून १९९६. फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून युरोपचं ‘एरियन ५’ रॉकेट पहिल्यांदाच झेपावलं. सोबत ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह होते. जेमतेम ३७ सेकंद झाले आणि रॉकेट अचानक वळलं, हवेच्या माऱ्याने तुटू लागलं आणि त्यातल्या सुरक्षा यंत्रणेने ते नष्ट केलं. इंजिनं तोवर व्यवस्थित चालली होती. घात केला सॉफ्टवेअरने.

झालं असं, की रॉकेटची दिशा आणि वेग सांगणाऱ्या संगणकात ६४ बिटची एक संख्या १६ बिटच्या जागेत बसवली जात होती. या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. हंड्यातलं पाणी तांब्यात ओतल्यासारखाच प्रकार! संगणक बंद पडला. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तो क्षणभर आधीच बंद पडला होता. बंद पडताना पाठवलेला बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून वापरला आणि रॉकेट वळवलं.

पण हाच कोड आधीच्या ‘एरियन ४’ वर बिनतक्रार चालला होता. मग चूक कुणाची?

फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लियोंस यांच्या चौकशी समितीचा अहवाल इथे वाचण्यासारखा आहे. धोका असलेल्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून तीन तशाच सोडल्या. या निर्णयाचं कारण सोर्स कोडमध्ये कुठेच नोंदलेलं नव्हतं. ‘एरियन ५’ सुरुवातीलाच जास्त आडवा वेग घेतं, पण त्याच्या मार्गाची आकडेवारी या सॉफ्टवेअरच्या अपेक्षांमध्ये घेतलीच नव्हती. कहर म्हणजे, बिघडलेल्या भागाचं उड्डाणानंतर काही कामच नव्हतं. ‘एरियन ४’ च्या उलटमोजणीच्या सोयीसाठी तो चालू ठेवला जाई. म्हणजे एका ओळीपेक्षा मोठी गडबड निर्णय, नोंदी आणि चाचण्यांच्या पद्धतीत होती.

हीच पद्धत तपासणं म्हणजे ‘प्रोसेस असेसमेंट’. युरोपियन स्पेस एजन्सीने त्यासाठी ‘स्पाइस फॉर स्पेस’ ही पद्धत वापरात आणली. तिचा पाया आहे आयएसओ १५५०४ हे मानक. तपासनीस फक्त कोड वाचत नाहीत. अपेक्षा कुठे लिहिल्या, बदल कुणी मंजूर केला, चाचणी कशावर घेतली, याचे कागद मागतात आणि काम करणाऱ्यांशी बोलतात. मग प्रत्येक प्रक्रियेला ० ते ५ अशी पातळी मिळते. ० म्हणजे काम पुरतं होतच नाही. १ म्हणजे होतं, पण माणसांच्या भरवशावर. ३ म्हणजे संस्थेची ठरलेली पद्धत आहे. ५ म्हणजे ती पद्धत सतत सुधारते आहे. वरची पातळी हवी तर खालच्या सगळ्या अटी ‘पूर्ण’ असाव्या लागतात, म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त.

आयटीत काम करणाऱ्यांना यावरून ‘सीएमएम लेव्हल ५’ आठवेल. नासाच्या स्पेस शटलचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ह्यूस्टनच्या आयबीएम गटाला ती पातळी १९८९ मध्येच मिळाली होती. तिथे चूक सापडली की ती दुरुस्त करून विषय संपत नसे. ती आत शिरलीच कशी, तपासणीतून निसटली कशी आणि तशीच आणखी कुठे दडली आहे का, हे शोधलं जाई. सुधारणा म्हणतात ती हीच. भिंतीवरच्या प्रमाणपत्राने रॉकेट उडत नाही.

हा धडा सगळ्यांनी गिरवला असंही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बोइंगच्या ‘स्टारलायनर’ यानाने रॉकेटकडून चुकीची वेळ उचलली. घड्याळ ११ तास चुकलं, इंधन भलतीकडेच खर्च झालं आणि यान अंतराळ स्थानकापर्यंत पोहोचलंच नाही. चाचण्या झाल्या होत्या, पण तुकड्यातुकड्यांत. उड्डाणापासून स्थानकाला जोडणीपर्यंतची सलग चाचणी घ्यायची तर २५ तासांहून जास्त वेळ लागला असता. नासा आणि बोइंगच्या संयुक्त पथकाने त्यानंतर ८० शिफारशी केल्या. पूर्ण, सलग चाचणी त्यांत होतीच. मे २०२२ मधल्या दुसऱ्या मानवरहित उड्डाणात स्टारलायनर स्थानकाला जोडलं गेलं.