ताटातले लोह आणि रात्रीची झोप : प्रस्तावना

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काहींच्या पोटऱ्यांत वळवळ सुरू होते. पाय हलवले, उठून चार पावले टाकली की बरे वाटते. आडवे झाले की पुन्हा तेच. 'दिवसभर उभी असतेस, पाय दुखणारच,' म्हणून घरचे सोडून देतात. हा 'अस्वस्थ पायां'चा विकार. लोह आणि झोप यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते इथेच, म्हणून या विषयात शिरायचे तर याच दाराने शिरावे.

स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे १९५३ मध्ये त्यांचेच देशबांधव नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह दिल्यावर रुग्णांना आराम पडल्याचे नोंदवले. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागते, हा त्यामागचा दुवा.

मात्र ताटापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर नाकी बरीच आहेत. बाजरीच्या भाकरीत लोह असते, पण त्यातलेच फायटेट ते अडवून धरते. जेवणावरचा चहा आणखी अडवतो, तर पिळलेले लिंबू वाट मोकळी करते. शोषलेल्या लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो. हिमोग्लोबिन उत्तम असूनही हा साठा तळाला गेलेला असू शकतो. या विकारात फेरिटिन लिटरमागे ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असले, तरी लोह देण्याचा विचार होतो. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र तोच आकडा 'नॉर्मल' म्हणून छापलेला असतो. आणि काही रुग्णांत रक्तातला साठा पुरेसा असूनही मेंदूतले लोह कमी आढळते.

हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट दिसतो. पाळी आणि बाळंतपण यांत लोह खर्ची पडते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्रास वाढतो आणि प्रसूतीनंतर बहुधा ओसरतो. पुरुषाचे लोह घटले, तर केवळ आहाराला दोष देऊन थांबता येत नाही. मूळव्याध, अल्सर, आतड्याचा कर्करोग असा कुठे रक्तस्राव होतो आहे का, हे आधी पाहावे लागते.

निद्रानाशाची कारणे अनेक आहेत, आणि तपासणीशिवाय घेतलेल्या लोहाच्या गोळ्या अपायही करतात. म्हणून इथे घाईची उत्तरे नाहीत. आहारतज्ज्ञ ताटाची चौकशी करतो, मेंदूविकारतज्ज्ञ पायांची. हे दोन्ही प्रश्न एकाच रुग्णाला एकाच बैठकीत विचारणाऱ्यांची या क्षेत्राला गरज आहे. वाचकहो, या.