गाणं रिलीज झालं, पण त्याचा 'सातबारा' कुणाच्या नावावर?

शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आवाज तिसरीचा. रेकॉर्डिंग मित्राच्या घरी, पंखा बंद करून आणि दाराला चादर लावून. गाणं यूट्यूबवर जातं, त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा रील्सवर चालतो, लग्नाच्या वरातीत वाजू लागतो. मग एक दिवस लक्षात येतं की तोच आवाज भलत्याच अकाउंटच्या नावाने फिरतोय आणि मूळ टीमच्या खात्यात एक रुपयाही आलेला नाही.

स्वतंत्र संगीतकारांच्या बाबतीत हे सहज घडू शकतं. गाणं बनवण्याची साधनं आज जवळपास फुकट मिळतात. गाणं आपल्या नावावर लावण्याची साधनंही आहेत, पण तिकडे लक्ष जातं ते गाणं गाजल्यावर. जमिनीला जसा सातबारा, तशी गाण्यालाही नोंद लागते. ती कुठे आणि कशी करायची, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

रेकॉर्डिंग : सुरुवात शून्य रुपयांत

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आवाज रेकॉर्ड करणं, कापणं, गोंगाट कमी करणं ही कामं त्यात होतात. आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत मिळतं. बँडलॅब मोबाईलवर आणि ब्राउझरमध्येही चालतं. त्याचा मोठा फायदा म्हणजे पुण्यातला गिटारवादक आणि कोल्हापुरातली गायिका एकाच प्रोजेक्टवर आपापल्या घरून काम करू शकतात. पुढे जाऊन पूर्ण क्षमतेचं सॉफ्टवेअर हवं असेल, तर रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं.

गाणं तयार झाल्यावर त्याची वेव्ह फाइल जपून ठेवावी. प्रत्येक वाद्याचे आणि आवाजाचे वेगवेगळे ट्रॅकही तारखेसह ड्राइव्हवर ठेवावेत. भारतात गाणं निर्माण होताच त्यावर कॉपीराइट लागू होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झालाच, तर या फाइल पुरावा म्हणून कामी येतात.

आवाज जितका मोठा तितका चांगला, हा समज मात्र सोडायला हवा. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस या पातळीला सगळी गाणी आणून ठेवतं. त्यामुळे ओढूनताणून मोठं केलेलं गाणं तिथे खाली आणलं जातं. ही पातळी मोजण्यासाठी यूलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे.

डिस्ट्रिब्युटर : गाणं पोहोचवणारा

स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर कलाकाराला थेट गाणं टाकता येत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड वर्षाची वर्गणी घेतं आणि हवी तेवढी गाणी टाकू देतं. पण वर्गणी थांबली तर गाणी उतरवली जाऊ शकतात. सीडी बेबी प्रत्येक रिलीजला एकदाच फी घेतं आणि कमाईतले ९ टक्के ठेवतं. राउटनोटच्या मोफत योजनेत फी नाही, पण कमाईतले १५ टक्के जातात. वर्षाला एखादंच गाणं करणाऱ्याने वर्गणी भरण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

आयएसआरसी : गाण्याचा आधार नंबर

प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा एक कोड मिळतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. कुठल्या ॲपवर कोणतं गाणं किती वाजलं, याचा हिशेब या कोडवर चालतो. बहुतेक डिस्ट्रिब्युटर तो स्वतःच देतात. तो लिहून ठेवावा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदलला आणि नवा कोड घेतला, तर तेच गाणं नवं समजलं जाऊन आधीच्या प्लेचा आकडा गमावण्याची भीती असते.

अपलोड करताना गीतकार, संगीतकार, गायक यांचे रकाने असतात. घाईत तिथे एकाच माणसाचं नाव टाकलं जातं किंवा स्पेलिंग दर वेळी वेगळं लिहिलं जातं. नोंद इथेच बिघडते.

त्यानंतर 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'वर आपलं प्रोफाइल ताब्यात घ्यावं. प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं असेल तर ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी करावं लागतं. आणखी एक नियम माहीत हवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलेलं गाणंच रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीसाठी धरलं जातं.

पैसे दोन वाटांनी येतात

गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रेकॉर्डिंग आणि दुसरी म्हणजे शब्द व चाल. डिस्ट्रिब्युटरकडून येतो तो मुख्यतः रेकॉर्डिंगचा पैसा. गीतकार आणि संगीतकारांची रॉयल्टी गोळा करण्याचं काम भारतात १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था करते. सदस्यत्वासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. पण फक्त सदस्य होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. गायक आणि वादकांसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे.

यूट्यूबवर कंटेंट आयडी ही यंत्रणा आपला ऑडिओ दुसऱ्याच्या व्हिडिओत वापरला गेला की ओळखते. बरेच डिस्ट्रिब्युटर ही सोय देतात. मात्र गाण्यात सर्वांना उपलब्ध असलेले तयार लूप असतील तर ते गाणं तिथे टाकू नये. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कलाकारावर नाहक दावा लागतो.

अभंग सर्वांचा, चाल कुणाची?

तुकोबांचे शब्द कुणीही गाऊ शकतो, त्यावर कॉपीराइट नाही. पण चालीचं तसं नाही. लता मंगेशकरांनी गायलेल्या 'अभंग तुकयाचे'च्या चाली श्रीनिवास खळे यांच्या. खळे यांचं निधन २०११ मध्ये झालं. भारतीय कायद्यानुसार निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे या चालींवर २०७१ अखेरपर्यंत हक्क आहे. त्या चालीत अभंग गाऊन रिलीज करायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते. स्वतःची नवी चाल लावली तर ती चाल आपली.

सही करण्याआधी

गाणं चाललं की कंपनीचा फोन येतो आणि 'सगळे हक्क कायमचे' असा करार पुढे येतो. कॉपीराइट कायद्यातल्या दोन गोष्टी इथे उपयोगी आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. आणि २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार-संगीतकारांना आपल्या रॉयल्टीचा समान वाट्याचा हक्क सोडून देता येत नाही, तसं करारात लिहिलं असलं तरी.

या सगळ्यात एका साधनाला ना इंटरनेट लागतं, ना वर्गणी. ते म्हणजे एक साधा कागद. शब्द कुणाचे, चाल कुणाची, संगीत संयोजन कुणाचं, कुणाचा किती टक्के वाटा, हे त्यावर लिहून सगळ्यांनी सही करायची आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. गाणं गाजल्यावर हा कागद करायला बसलं की मैत्री तुटते. रेकॉर्डिंगच्या दिवशी, चहा येईपर्यंत तो लिहून होतो.